रात्रीची वाटीभर खिचडी: तांदळाची की ज्वारीच्या कण्यांची?

कामावरून आल्यावर चारीठाव स्वयंपाक नको, पण गरम आणि मऊ काहीतरी हवं, अशा रात्री खिचडीच आठवते. प्रश्न फायबरचा आहे. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते जेमतेम 3 ग्रॅम, ज्वारीत साधारण 10.

वेळेच्या बाबतीत तांदूळ बाजी मारतो. डाळ-तांदूळ धुतले, हिंग-हळदीची फोडणी, तीन शिट्ट्या, झालं. आजारी माणसाला आणि वरचं खाऊ लागलेल्या लहान मुलांना तीच द्यावी. सालीची मूगडाळ घातली तर फायबरही थोडं वाढतं.

कण्यांना तयारी लागते. सकाळी निघतानाच भिजत घालायच्या, नाहीतर रात्री दाताखाली कचकचतात. मी एक वाटी कण्यांना अर्धी वाटी सालीची मूगडाळ, गाजर, फरसबी, मटार आणि पाच वाट्या पाणी घेते. सहा शिट्ट्या, मग कुकरची वाफ आपोआप जिरू द्यायची. झाकण उघडल्यावर खिचडी पातळ वाटते. डावाने जरा घोटली की दाटसर होते, तरी दाणा जाणवतो. वरून लसणाची खरपूस फोडणी आणि साजूक तूप. गार होताना ती आळते, म्हणून गरम पाणी हाताशी ठेवा.

रोजच्यासाठी माझं मत कण्यांना. पोट झोपेपर्यंत भरलेलं राहतं आणि रात्रीची चिवडा-बिस्किटं आपोआप सुटतात. सवय नसेल तर आधी निम्मे तांदूळ, निम्म्या कण्या घ्या आणि दिवसभर पाणी भरपूर प्या. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं.