दहा फुटांची हिरवळ: टाळेबंदीत घेतलेल्या गोल्फ साहित्याचा चौदा महिन्यांचा अनुभव

ऑगस्ट २०२० मध्ये मी गोल्फच्या सरावासाठी तीन गोष्टी घेतल्या: घरात पुटिंग (चेंडू हळूच घरंगळवत भोकात घालणे) करण्यासाठी दहा फूट लांब व एक फूट रुंद अशी चटई, गच्चीवर लावायची सात फुटी जाळी आणि सात क्लबांचा (चेंडू मारायच्या काठ्यांचा) वापरलेला अर्धा सेट. चटई २,८०० रुपयांना, जाळी ४,५०० रुपयांना आणि सेट बॅगेसह १४,००० रुपयांना पडला. आज, ऑक्टोबर २०२१ मध्ये, चटई रोज वापरात आहे, जाळी भंगारात गेली आहे आणि सेटमधला एक क्लब मी काढून टाकला आहे. कंपन्यांची नावे देत नाही, कारण चटई आणि जाळीवर विक्रेत्याच्या चिठ्ठीखेरीज काहीच नव्हते आणि सेट तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे क्लब जमवून केलेला होता.

खरेदीचे निमित्त सरकारी होते. राज्य शासनाच्या २९ जुलै २०२० च्या आदेशानुसार ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी मिळाली आणि त्या यादीत गोल्फ, टेनिस, मैदानी बॅडमिंटन यांच्या जोडीला मल्लखांबही होता. गोल्फ आणि मल्लखांब एका ओळीत आलेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र मल्लखांबाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ‘लोकल बंद, गोल्फ चालू’ हे चार शब्द दिवसभर फिरत राहिले. साथीच्या दृष्टीने त्या निर्णयात चूक नव्हती. मोकळ्या हवेत, कित्येक एकरांवर, चार माणसे एकमेकांपासून लांब चालत असतात. त्यांची गाठ लोकलच्या डब्याशी घालता येत नाही. पण ज्यांना अत्यावश्यक सेवेत नाव नसल्यामुळे डोंबिवलीहून फोर्टला पोहोचण्यासाठी एसटी आणि बेस्टच्या रांगांत सकाळ घालवावी लागत होती, त्यांना हे एकरांचे गणित ऐकवण्याची माझी छाती नव्हती. मी कोणत्याही गोल्फ संस्थेचा सभासद नाही, पन्नाशीनंतर हा खेळ शिकलो आणि पैसे भरून मिळेल तिथे खेळतो, हे सांगूनही फरक पडला नसता. पहिले काही महिने मी बॅग जुन्या चादरीत गुंडाळून जिन्याने खाली नेत असे.

सेट ज्याच्यामुळे मिळाला तो माणूस त्या वेळी चेंबूर स्टेशनजवळ भाजीची हातगाडी लावत होता. मार्च २०२० पर्यंत तो कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस, होता आणि मला उभे कसे राहायचे इथपासून त्यानेच शिकवले होते. मैदाने बंद झाली तशी त्याची रोजची कमाई थांबली. उघडल्यावरही खेळाडूने आपली बॅग आपणच उचलायची असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता, त्यामुळे त्याची गाडी बरेच महिने तिथेच राहिली. सेट विकणारे गृहस्थ बॅग घेऊन आले तेव्हा त्याने गाडी शेजारच्याकडे सोपवली, हात पुसले आणि प्रत्येक क्लब कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ झाली तर शाफ्टमध्ये (क्लबच्या दांड्यात) सुटलेल्या गोंदाचा तुकडा असतो आणि पुढेमागे क्लबचे डोके निखळण्याची शक्यता असते. मग त्याने प्रत्येक शाफ्ट गाडीच्या फळीवर लोळवून वाक पाहिला, डोके आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथल्या काळ्या कड्याखाली फट आहे का ते तपासले आणि शेवटी क्लबच्या तोंडावरच्या खाचांतून नख ओढत नेले. सँड वेजच्या, म्हणजे वाळूतून चेंडू उचलायच्या क्लबच्या, खाचांत नख अडकेना. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, ही वेज आंधळी झालीय. बॉल ग्रीनवर टाकाल, पण तो थांबणार नाय. हिचे पैसे कापून घ्या. बाकी माल चांगला आहे. आणि चौदा घेऊन करणार काय? सात वापरता आले तरी खूप झालं.” ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. नियमांप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात, आणि त्यांतले निम्मे माझ्यासारख्याच्या हातून चालतच नाहीत, हे चौदा महिन्यांनंतर मला पूर्ण पटले आहे. पैसे कापून घेण्याचा त्याचा सल्ला तेवढा मी भिडेखातर मानला नाही.

चटईची पेटी आली तेव्हा आमच्या फाटकावर पार्सलांचे वेगळे टेबल होते आणि रखवालदार माणसांच्याच नव्हे, कधीकधी खोक्यांच्याही दिशेने तापमापक धरीत असे. मी पेटी एक दिवस जिन्यात ठेवली आणि तेवढ्यावर समाधान न झाल्याने चटई उलगडून तिच्यावर हायपोक्लोराइटचे पाणी शिंपडले. हा वेडेपणा मी नोंदवून ठेवतो, कारण त्याचा परिणाम अजून पायाखाली आहे: चौथ्या फुटापाशी तळहाताएवढा फिकट डाग पडला, तिथले तंतू चरचरीत झाले, आणि त्यावरून हळू जाणारा चेंडू किंचित डावीकडे ओढला जातो. गुंडाळीमुळे कडा वर वळल्या होत्या. त्यांवर दिवाळी अंकांचे गठ्ठे चार दिवस ठेवल्यावर त्या सपाट झाल्या.

या चटईचा मुख्य दोष तिच्या टोकाच्या चढात आहे. चेंडू आपोआप परत यावा म्हणून तिथे उतरती फळी आणि फळीच्या माथ्यावर भोक असते. चढ चढण्यासाठी चेंडू जोराने मारावा लागतो, आणि तोच जोर सपाट जमिनीवर वापरला तर चेंडू भोकावरून उडून तीन-चार फूट पुढे जातो. शिवाय मैदानावरचे भोक सव्वाचार इंच व्यासाचे असते आणि चटईवरचे साडेतीन इंचांचे निघाले. लहान भोकावर सराव केल्याने नेम सुधारतो, हे खरे असले तरी चेंडू चढ चढून आत पडला की आपल्याला खेळ येतो असा भ्रम होतो, आणि तो मला महिनाभर झाला होता. नंतर मी चटई उलटी फिरवली आणि सपाट टोकाशी आमटीची वाटी आडवी ठेवून तिला चेंडू लावायचा, असा खेळ सुरू केला.

फिरवल्यावर लक्षात आले की तंतूंना दिशा आहे. हिरवळीचा वेग मोजण्यासाठी स्टिंपमीटर नावाची छत्तीस इंची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वापरतात. तिच्या खाचेत चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, साधारण वीस अंशांवर चेंडू आपला सुटतो, आणि तो सपाट जागेवर जितके फूट घरंगळतो तितका त्या हिरवळीचा वेग. मी सरकत्या खिडकीच्या पट्टीपासून तशी एक ओबडधोबड पट्टी बनवली. फळीच्या दिशेने, म्हणजे तंतूंच्या विरुद्ध, चेंडू आठ फुटांच्या थोडा पुढे थांबला; उलट दिशेने तो दहा फूट ओलांडून लादीवर गेला आणि कपाटाखाली शिरला. म्हणजे चटई फिरवून मी एक दोष काढला आणि नकळत दुसरा घेतला होता: आता माझा सराव फार वेगवान पृष्ठावर चालला होता, आणि हात दिवसेंदिवस भित्रा होत होता.

दिशेच्या बाबतीत मात्र चटईने पैसे वसूल करून दिले. पुटरच्या (पुटिंगच्या क्लबच्या) डोक्यापेक्षा बोटभर रुंद अंतरावर सॅनिटायझरच्या दोन रिकाम्या बाटल्या उभ्या करायच्या आणि मधून पुटर न्यायचा. बाटली पडली की फटका वाकडा. सहा फुटांवरून रोज पन्नास पुट मारून किती लागले ते मी वहीत लिहीत गेलो. पहिल्या आठवड्यात सतराच्या पुढे आकडा गेला नाही; मार्च २०२१ पर्यंत तो पस्तीस-छत्तीसवर स्थिरावला होता.

आवाजाचा प्रश्न येणारच होता. गोल्फचा चेंडू जेमतेम पंचेचाळीस ग्रॅमचा असतो, पण तो वाटीला लागून लादीवर पडला की खालच्या घरात कोणीतरी गोट्यांचा डबा ओतल्यासारखे होते. एका रात्री अकराला खालच्या वहिनींचा इंटरकॉम आला: “भाऊजी, वर गोट्या कोण खेळतंय? यांची आत्ता अमेरिकेची मीटिंग चालू आहे.” चटईखाली आधी गोधडी घातली, पण तिच्या शिवणींवरून चेंडू उसळू लागला, शेवटी सहा मिलिमीटर जाडीच्या दोन योगा-मॅट एकापुढे एक टाकल्या, वाटीच्या जागी कापडी चेंडू ठेवला, आणि तक्रार थांबली. घरात पुटिंगची चटई घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

जाळीसाठी कमिटीची परवानगी लागली आणि ती व्हिडिओ सभेत मागितली गेली. एका सभासदांनी विचारले की लोकांना खाटा मिळत नसताना गोल्फ सुचतोच कसा. मी उत्तर दिले नाही, कारण जे उत्तर होते ते त्या प्रश्नापेक्षा लहान होते. परवानगी मिळाली ती अटींवर: भोकांचे प्लॅस्टिक चेंडूच वापरायचे, एका वेळी दोनच माणसे, मास्क, आणि संध्याकाळी जाळी काढून ठेवायची. डिसेंबरपर्यंत ज्यांनी विरोध केला होता त्यांचीच नातवंडे, दिवसभर शाळेच्या स्क्रीनसमोर बसून कंटाळलेली, गच्चीत रांग लावू लागली. क्लब हातोहात फिरू लागल्यावर प्रत्येक पालक मुठीवर सॅनिटायझर मारी, आणि दोन महिन्यांत त्या रबरी ग्रिप आधी कोरड्या आणि मग गुळगुळीत झाल्या. ग्रिप कोमट पाण्याने व भांड्याच्या साबणाने धुवून सावलीत वाळवाव्यात; स्पिरिट लावू नये.

खेळाच्या दृष्टीने जाळीचा उपयोग व्यायामापुरताच झाला. चेंडू सात फुटांवर अडतो, त्यामुळे तो पुढे सरळ गेला असता की उजवीकडे वळला असता हे कळत नाही, आणि प्लॅस्टिकचा चेंडू हातावर खऱ्या फटक्याची कोणतीही खूण उमटवत नाही. तिचा शेवट १७ मे २०२१ रोजी झाला. तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले त्या दिवशी मी स्वतः गृह-विलगीकरणात होतो, जाळी काढायला कोणाला सांगण्याचे सुचले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टाकीला गुंडाळलेली आणि तिचे फायबरचे दोन दांडे मोडलेले सापडले. पुन्हा घेणार नाही.

खरी परीक्षा डिसेंबर २०२० मध्ये खारघरला झाली. सिडकोच्या त्या मैदानावर सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येत होते. साथीमुळे झेंड्याच्या काठीला हात लावायचा नव्हता, बंकरमधले (वाळूच्या खड्ड्यांतले) दाताळे उचलून ठेवले होते, आणि भोकात फोमचे कडे बसवले होते, जेणेकरून चेंडू तळाशी जाऊ नये. चेंडू कड्याला लागून परत आला तर तो पडला असे धरायचे की नाही यावर आम्हा तिघांत पहिल्याच ग्रीनवर वाद झाला, आणि मी हिरिरीने ‘धरायचे’ म्हणालो, कारण आमटीच्या वाटीवर चार महिने माझा तोच कायदा होता. त्याचा फायदा मात्र मला झाला नाही. माझे पुट सरळ जात होते आणि भोकाच्या दोन फूट अलीकडे थांबत होते. लांबच्या फटक्यांचे तर विचारू नये. जाळीत चार महिने झाकून राहिलेला उजवीकडचा वळसा पहिल्याच टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, सर्वांना दिसला. वेजचा चेंडू ग्रीनवर पडला आणि कॅडीने सांगितले होते तसाच न थांबता पलीकडे उतरला.

घरी आल्यावर मी चटई पुन्हा मूळ दिशेने फिरवली, फळी काढून टाकली आणि तंतूंच्या विरुद्ध मारू लागलो. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा कडक झाले तेव्हा हाताला निदान योग्य जोराची सवय लागलेली होती.

मुंबईच्या पावसाळ्याबद्दल थोडे. चामड्याचा हातमोजा पहिल्या जुलैतच पापडासारखा कडक झाला आणि त्यावर बुरशी आली. कृत्रिम कापडाचा मोजा दुसरा पावसाळा सहज काढून गेला. क्रोमचा मुलामा उडालेल्या वेजवर आठ दिवसांत गंज चढतो, तिला शिलाई मशीनचे तेल पुसून ठेवावे लागते. शेवटी खाचाही नाहीत आणि मुलामाही नाही म्हणून मी ती काढून नवी घेतली. बाकीच्या स्टीलच्या क्लबांना काही झाले नाही. बॅगेच्या चेनी मेण घासल्याशिवाय सरकत नाहीत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, आणि सप्टेंबरात एका रविवारी मी बॅग चादरीशिवाय खांद्यावर टाकून चेंबूरहून पनवेल गाडी पकडली. सात क्लब आणि बॅग मिळून वजन साडेपाच किलोच्या आसपास भरते, फलाटाच्या पुलावर ते जाणवते, पण चौदांची बॅग घेऊन मी लोकलमध्ये शिरूच शकलो नसतो. मास्क हनुवटीवर आलेल्या एका गृहस्थांनी वरच्या रॅकवर जागा करून दिली आणि गळ टाकायला निघालात का, असे विचारले. गोल्फ आहे म्हटल्यावर ते थोडा वेळ बॅगेकडे पाहत राहिले. “तुमचं आधी सुरू झालं होतं, नाही का?” एवढेच म्हणाले, आणि मानखुर्दला उतरले. खारघरला बॅग रॅकवरून ओढताना पट्ट्याची शिवण उसवली. चौदा महिन्यांत बॅगेत झालेली ही एकच मोडतोड. ती स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्याने चाळीस रुपयांत दुहेरी दोऱ्याने शिवून दिली आणि अजून टिकून आहे.