बारवांची टिपणं आणि ऑब्सिडियन: आठ महिन्यांनंतर

मी परभणीत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, बघत फिरते. वालूर, चारठाणा, शिवाय शेताच्या बांधाला लागून असलेल्या कितीतरी बिननावाच्या. मोजमापं, रेखाटनं, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं हे सगळं तीन वह्या आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज यांत विखुरलेलं होतं. गेल्या वर्षी फोन बिघडला आणि दोन गावांची टिपणं कायमची गेली. त्यातल्या एका गावातले आजोबा आता हयात नाहीत. ते मला अजून लागून राहिलंय.

ऑब्सिडियन हे टिपणं लिहायचं ॲप घेतलं ते त्यामुळेच. यात प्रत्येक टिपण साध्या मजकुराची फाइल म्हणून आपल्याच फोनवर राहतं. बारवेत खाली उतरलं की रेंज जाते, तरी लिहिता येतं. स्वतःपुरतं वापरायला फुकट आहे. फोन आणि कॉम्प्युटर आपोआप जुळवून घेण्याची त्यांची सोय विकत आहे, ती मी घेतली नाही. दर रविवारी रात्री अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवते.

अडचण आली ती आपल्या भाषेमुळे. ‘विहीर’ शोधलं की ‘विहिरीत’, ‘विहिरीला’ असलेली टिपणं येत नाहीत, कारण विभक्ती लागली की दीर्घ ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ होतो. ‘पायऱ्या’ने तर मला दोन आठवडे छळलं. फोनवर लिहिलेल्या ‘पायऱ्या’ सापडायच्या, कॉम्प्युटरवरच्या नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण एक कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतो, तर दुसरा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावतो. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द.

यावर उपाय सापडला तो दुहेरी चौकटी कंसांत. मूळ शब्दाचं एक टिपण करायचं आणि वाक्यात [[विहीर|विहिरीत]] असं लिहायचं. वाचताना ‘विहिरीत’ दिसतं, जोडणी ‘विहीर’शी होते. मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हीच सवय लावावी. मी चौथ्या महिन्यात लावली आणि जुनी टिपणं दुरुस्त करण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

टिपणांच्या जोडण्यांचा ठिपक्यांचा नकाशाही यात आहे. मला त्याचा उपयोग झाला नाही.

मागच्या महिन्यात एका मावशींनी थारोळ्याजवळची, म्हणजे मोटेतलं पाणी ओततात त्या हौदाजवळची, उतरती वाट दाखवली. “बाई, ही धाव. बैलं हितून मोट वढायची.” ‘धाव’ नुसतं शोधलं तर ‘धावपळ’, ‘धावत’ असं सगळंच आलं असतं. मी ‘मोटेची धाव’ असं टिपण केलं आणि जुन्या टिपणांतून ते जोडत गेले. आता ते उघडलं की खाली पाच गावांची नावं येतात. त्यातल्या दोन ठिकाणी बैलांच्या वाटेला मी ‘उतार’ एवढंच लिहून पुढं गेले होते. तिथं पुन्हा जायचंय, टेप घेऊन.