संस्थेच्या ईमेलला दुसरं कुलूप: एसएमएस ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲप की सिक्युरिटी की?

लहान संस्थेचा निम्मा कारभार एका ईमेल खात्यात असतो. देणगीदारांची यादी, ८०जीच्या (देणगीवरच्या करसवलतीच्या) पावत्या, कंपन्यांशी झालेले सीएसआरचे करार, लाभार्थ्यांच्या आधारकार्डांच्या प्रती, सगळं तिथेच. हे खातं हाती लागलं की चोराला बँकेत शिरायचीही गरज उरत नाही. २०१७मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या अमेरिकी संस्थेत असंच घडलं. एका कर्मचाऱ्याच्या ईमेल खात्यात शिरून चोरट्यांनी पाकिस्तानातल्या आरोग्य केंद्रांसाठी सोलर पॅनेल घेतल्याची खोटी बिलं तयार केली आणि जवळपास १० लाख डॉलर जपानमधल्या खात्यात गेले. त्यातले बहुतेक विम्यातून भरून निघाले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या संस्थेकडे असा विमा बहुधा नसतोच.

पासवर्डच्या जोडीला दुसरी तपासणी हवी, यावर आता दुमत नाही. कोणती, हे ठरवताना मात्र ‘सगळ्यात सोपी ती’ म्हणून एसएमएस निवडला जातो.

एसएमएस अगदीच टाकाऊ नाही. गूगलने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसएमएस कोडने बॉटकडून, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅमकडून, होणारे सगळे हल्ले रोखले आणि घाऊक फिशिंगचे, म्हणजे खोट्या मेल-पानांनी फसवून पासवर्ड काढून घेण्याचे, ९६ टक्के. नेम धरून केलेल्या हल्ल्यांत मात्र हे प्रमाण ७६ टक्क्यांवर आलं. सिक्युरिटी की (यूएसबीत लावायची छोटी वस्तू, तिच्याबद्दल पुढे) तिन्ही प्रकारांत १०० टक्के टिकली. स्त्रियांवरील हिंसा, जमिनीचे हक्क, एचआयव्ही अशा विषयांवर काम करणाऱ्या संस्थेवर कुणीतरी नेम धरण्याची शक्यता जास्त, म्हणून तिने तो ७६चा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून घेऊन ओटीपी पळवण्याचा धोका वेगळाच.

पण मला एसएमएसची सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक वाटत नाही. बऱ्याच संस्थांत खातं एकच, पासवर्ड पाच जणांना ठाऊक आणि नंबर सचिवांचा. अकाउंटंट लॉगिन करते आणि फोन लावते, “ताई, ओटीपी आला असेल, सांगता का?” ताई मीटिंगमध्ये असल्या तरी सांगतात. दिवसातून दोनदा हे चालत असेल, तर तिसऱ्यांदा आलेला फोन अकाउंटंटचाच आहे हे कोण तपासणार? फोनवर ओटीपी सांगायची सवय आपणच लावून ठेवतो. म्हणून कोणतंही कुलूप निवडा, आधी प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या. पात्र नोंदणीकृत संस्थांना गूगल वर्कस्पेस, म्हणजे संस्थेच्या नावाने ईमेल खाती देणारी गूगलची सेवा, मोफत मिळतं. पडताळणीला थोडी कागदपत्रं लागतात, पण तो खटाटोप करण्यासारखा आहे. मार्चमध्ये प्रकल्प संपला आणि माणूस सोडून गेला, की त्याचं एकट्याचं खातं बंद करता येतं, सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसावं लागत नाही.

ऑथेंटिकेटर ॲप फोनमध्येच दर तीस सेकंदांनी नवा कोड तयार करतं. ते फुकट आहे आणि त्याला रेंज लागत नाही. धडगाव किंवा मेळघाटातल्या पाड्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही मोठीच गोष्ट, कारण तिथे एसएमएस कधीकधी गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर येतो. सिम पळवूनही ॲपमधला कोड मिळत नाही. उणीव एकच, पण गंभीर: हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तुम्ही तो कोड टाकलात, तर समोरचा तोच कोड लगेच खऱ्या पानावर वापरू शकतो. त्याला तीस सेकंद पुरतात.

सिक्युरिटी की इथेच वेगळी ठरते. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी ही वस्तू यूएसबीत लावायची आणि बोटाने स्पर्श करायचा. ज्या वेबसाइटच्या पत्त्यावर ती नोंदवलेली असते, त्याच पत्त्याला ती उत्तर देते. खोट्या पानाला माणूस फसला तरी की फसत नाही. हरवण्याची भीती असते म्हणून प्रत्येकाला दोन घ्याव्या लागतात, आणि एकेकीला काही हजार मोजावे लागतात. वीस जणांच्या संस्थेला हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, हा खरा प्रश्न आहे. फोनच्याच लॉकने (बोटाचा ठसा किंवा पिन) उघडणाऱ्या पासकीचं तत्त्व हेच, पण ती फोनमध्येच राहते आणि फुकट असते. कार्यकर्त्याचा फोन बऱ्यापैकी नवा आणि फक्त त्याच्याच वापरातला असेल तरच ती द्यावी. घरातल्या चौघांच्या हातात फिरणाऱ्या फोनवर नको.

माझा कौल असा: ज्यांच्या खात्यातून पैसे हलतात किंवा ज्यांना इतरांची खाती उघडता-बंद करता येतात, म्हणजे अकाउंटंट, सचिव आणि ॲडमिन, त्यांना सिक्युरिटी की द्याच. तीन माणसं, सहा की. बाकीच्यांना ॲप किंवा पासकी. एसएमएस फक्त साधा फोन वापरणाऱ्यांसाठी ठेवा.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि केवळ सेवाभावी म्हणून संस्था त्यातून सुटत नाहीत. विश्वस्तांच्या बैठकीत कीच्या खर्चावर कुणी हरकत घेतली, तर हे सांगा.

खाती तयार झाली की प्रत्येकाचे बॅकअप कोड (फोन किंवा की हरवल्यास लॉगिनसाठी वापरायचे) छापून पाकिटात घाला आणि पावती पुस्तकांच्या कपाटात कुलपाखाली ठेवा. ॲपचे कोड कुणी स्वतःच्या खासगी जीमेलशी सिंक केले आहेत का, तेही बघा. असतील तर त्या जीमेललाही दुसरी तपासणी हवी. आणि पैसे गेल्याचं कळताच १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन लावा. अध्यक्षांना कळवणं त्यानंतर.