एजमधला मोफत मराठी वाचक: आवाज चांगला, अडतं ते मजकुरापाशी

मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाऊड’ ही सोय आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि वेगळं काही बसवावंही लागत नाही. मराठीसाठी तिच्यात दोन आवाज आहेत, बाईचा आरोही आणि पुरुषाचा मनोहर. मोतीबिंदूमुळे पेपर वाचणं सुटलेले आजी-आजोबा, कलमांना पाणी घालता घालता कृषी विद्यापीठाचं पान ऐकू पाहणारे बागायतदार, आपलाच लेख एकदा कानावरून घालवू इच्छिणारे लिहिणारे, या सगळ्यांच्या कामाची ही गोष्ट आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. वाचनाची इतकी जुनी सवय असलेल्या मुलखात डोळे थकले म्हणून वाचन थांबू नये, यासाठी हे साधन शिकून घेण्यासारखं आहे.

वापर सोपा आहे. पान उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, यू या तीन कळा एकत्र दाबा. वर एक पट्टी येईल. तिच्यातल्या ‘व्हॉइस ऑप्शन्स’मध्ये वेग आणि आवाज निवडता येतो. आवाजांची यादी लांबलचक आहे, तिच्यात मराठी शोधून आरोही किंवा मनोहर लावा. वाचला जाणारा शब्द पानावर ठळक होतो, त्यामुळे अधूनमधून नजर टाकायची तर जागा सापडते. पान जाहिरातींनी भरलेलं असेल तर आधी एफ-नाइन दाबून वाचनाचं साधं रूप उघडा, नाहीतर मेनू, जाहिरात, ‘हेही वाचा’ असं सगळं कानावर येतं. काही पानांवर एफ-नाइन चालत नाही. तिथे हवा तेवढा मजकूर निवडून राइट क्लिक करायचं आणि फक्त तेवढाच वाचून घ्यायचा. ज्येष्ठांसाठी वेग मधल्या खुणेच्या थोडा खाली ठेवावा. फार खाली नेला तर शब्द ताणले जातात आणि उलट समजायला जड होतं.

आवाज खरोखर मराठी आहे का, हे आधी तपासा. बरीच मोफत संकेतस्थळं ‘मराठी’ लिहून प्रत्यक्षात ब्राउझरमधला हिंदी आवाज वापरतात, कारण संगणकावरच्या क्रोमसोबत येणाऱ्या गूगलच्या आवाजांत हिंदी आहे, मराठी नाही. लिपी एकच असल्यामुळे वाचन तर होतं, पण कसं! चाचणीसाठी एक वाक्य पुरतं: ‘ज्ञानूने ४९ नारळ सोलले.’ ‘ग्यानू’ आणि ‘उनचास’ ऐकू आलं की तो हिंदी आवाज समजायचा. मराठी आवाज ‘द्न्यानू’ आणि ‘एकोणपन्नास’ म्हणतो, शिवाय नारळातला ळ शाबूत ठेवतो. क्रोममधल्या त्या ऑनलाइन आवाजांचा आणखी एक जुना दोष आहे: मोठा परिच्छेद एकदम दिला की साधारण १५ सेकंदांनी वाचन गप्प होतं. दोन-तीन वाक्यांचे तुकडे करून दिले तर ते टळतं.

एजच्या मराठी आवाजांतही चुका आहेत, आणि त्यांचं मूळ आपल्या लिपीत आहे. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण लिहिताना वेगळे दाखवत नाही. ‘चूल’मधला च आणि ‘चंद्र’मधला च एकाच अक्षराने लिहितो. ‘जरा’ म्हणजे थोडं की म्हातारपण, हे माणूस संदर्भावरून ओळखतो. यंत्राचा अंदाज ओळखीच्या शब्दांत बरोबर येतो, पण वाडीचं नाव, माशाचं नाव, आडनाव आलं की चुकू शकतो. मालवणीला स्वतंत्र आवाज नाही. ‘तू खंय जातंस’ हे प्रमाण मराठीच्या हेलातच वाचलं जातं. अर्थ कळतो, पण मालवणी गजाल ऐकल्याचं समाधान त्यात मिळत नाही.

खरी अडचण पीडीएफची. पंचायतीची सूचना, जुनं परिपत्रक, गावच्या देवस्थानाची स्मरणिका उघडली की आरोही काहीतरी भलतंच बोलू लागते किंवा एक शब्दही काढत नाही. दोष आरोहीचा नसतो. अशा फायली तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे स्कॅन. तो नुसता फोटो असतो, त्यात अक्षरंच नसतात. दुसरा प्रकार श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांचा. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं दडलेली असतात आणि वाचलीही तीच जातात. तिसरा प्रकार फसवा आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांमध्ये असतो, पण पीडीएफ बनवताना अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवली गेलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून ‘विद्यापीठ’चं आत ‘िवद्यापीठ’ होतं आणि उच्चार मोडतो. जोडाक्षरंही तुटतात.

ओळखायची युक्ती: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ती जशीच्या तशी उतरली तर वाचनही नीट होईल. ओळ निवडताच येत नसेल तर तो स्कॅन. रोमन कचरा आला तर जुना फाँट. वेलांट्या सरकल्या तर तिसरा प्रकार.

तिन्हींवर चालणारा मोफत उपाय गूगल ड्राइव्हमध्ये आहे. फाइल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करा, ‘ओपन विथ’मधून ‘गूगल डॉक्स’ निवडा. स्कॅनमधली मराठी अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या फायलींची पानं आधी चित्र म्हणून काढून घ्यावीत (स्क्रीनशॉटही चालतो), म्हणजे आतला बिघडलेला मजकूर मध्ये येत नाही. फाइल २ एमबीच्या आत ठेवा आणि पान सरळ असू द्या. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने वेगळे कापा, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते. आलेला मजकूर एकदा नजरेखालून घाला. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल हमखास सापडते.

मग तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा, साठवताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा आणि फाइल एजच्या खिडकीत ओढून टाका. ‘एएनएसआय’ निवडलं तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि मजकूर परत मिळत नाही. ऐकण्याआधी दोन मिनिटं खर्चून संक्षेप सोडवावेत: ‘ता.’चं तालुका, ‘जि.’चं जिल्हा, ‘मु. पो.’चं मुक्काम पोस्ट. टिंबांमुळे आवाज मध्येच थांबतो. ‘७/१२’ही अक्षरांत सातबारा लिहावा.

औषधांच्या बाबतीत मात्र कानावर विसंबू नका. हापूसच्या मोहोरावरच्या फवारणीचं पत्रक ऐकायला हरकत नाही, पण १० लिटर पाण्याला किती मिली, हा आकडा डोळ्यांनी पाहूनच घ्यावा, नाहीतर घरातल्या कुणाकडून वाचून घ्यावा. दशांश चिन्ह निसटलं तर प्रमाण दहापट होतं. गोळ्यांच्या डोसाचंही तेच.

लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. सुटलेला शब्द, दोनदा पडलेला शब्द, दम लागेल इतकं लांब वाक्य कानाला लगेच कळतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ मात्र जवळपास सारखेच ऐकू येतात. ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनीच तपासावं लागतं.

शेवटचा मुद्दा पावसाळ्याचा. आरोही आणि मनोहर दोघेही ऑनलाइन आहेत. मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून आवाज येतो. म्हणून पासबुक किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट यांच्याकडून वाचून घेऊ नये. आणि रेंज गेली की वाचन बंद. जूनपासून खाडीकाठच्या कितीतरी वाड्यांमध्ये वीज आणि रेंज दोन्ही जातात. अशा घरांनी अँड्रॉइड फोनवर आधीच तयारी करून ठेवावी: टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून घ्या आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करा. त्या आवाजात आरोहीचा गोडवा नाही, पण फोनमध्ये चार्ज आहे तोवर तो वाचत राहतो. नंतर फोन विमान मोडवर टाकून एक पान वाचून घ्या. नेट नसताना चालतो की नाही, हे मे महिन्यातच कळलेलं बरं.