जुना प्रभाकर कंदील: ठसा बघा, पण टाकी आधी बघा

कराड, सांगली, मिरजेकडच्या भंगारवाल्यांकडे आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत रॉकेलवर चालणारा प्रभाकर कंदील अजून हाती लागतो. वापरायला घ्यायचा असेल तर वस्तू उत्तम आहे. मात्र त्यासोबत दुकानदार जी हकिकत सांगतो, तिचे पैसे वेगळे मोजू नका. ‘सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. हा कंदील बनवणाऱ्या ओगले बंधूंचा काच कारखानाच मुळी 1916 सालचा, कराडजवळ विरवड्याला, औंध संस्थानच्या आश्रयाने उभा राहिलेला. कंदिलाला वडिलांचं, प्रभाकरपंतांचं नाव दिलं आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीची ओगलेवाडी झाली. कराडचं रेल्वे स्थानक आजही तिथेच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाची काच यायची थांबली, तेव्हा इथल्या काचेला गिऱ्हाईक मिळालं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. त्यामुळे ‘संस्थानच्या काळातला’ हा दावा खरा असू शकतो, पण कंदिलावरच्या नावाच्या नुसत्या ठशावरून तो सिद्ध होत नाही.

ठसा पत्र्यातच दाबलेला हवा. रंगाने लिहिलेलं किंवा चिकटवलेलं नाव धरू नका. टाकी, बर्नर आणि टोपी वेगवेगळ्या कंदिलांची जुळवून विकतात, तेही चालतं, फक्त भाव ‘अस्सल’चा देऊ नये.

आता मुख्य गोष्ट, टाकी. ती कुजते बुडाच्या सांध्याला, कारण रॉकेलमध्ये आलेलं पाणी तळाशी बसून राहतं. वरून ताजा रंग मारला असेल तर संशय घ्याच. बुडाला अंगठ्याने दाबा. पत्रा डबडब वाजला किंवा दबला तर तो पातळ झालाय. थोडं रॉकेल घालून कंदील रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायला सांगा, कागदावर डाग उमटला की कळतं. बारीक भोक डाग मारून, म्हणजे सोल्डर करून, बुजवता येतं. त्याआधी टाकी रिकामी करून गरम पाणी आणि साबणाने दोन-तीनदा विसळावी आणि काम तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने करावं. आत रॉकेलची वाफ राहिली आणि ज्योत लावली तर टाकी फुटते. सांधा सगळीकडून झिरपत असेल तर तो कंदील सोडून द्या.

बर्नरमध्ये वातीची चावी फिरवून बघा. आतल्या दातेरी चक्रीचे दात झिजले असले की वात वर येते आणि आपोआप खाली घसरते. बर्नरच्या जाळीदार पट्टीची भोकं काजळीने बुजलेली असतात. ती टोकदार तारेने मोकळी करा, मोठी करू नका. दोन्ही बाजूंच्या नळ्या हवेच्या आहेत, नुसत्या धरायच्या दांड्या नव्हेत. नळी चेपली किंवा तिचा सांधा सुटला की हवेचा मेळ बिघडतो, ज्योत पिवळी-तांबूस होते आणि काच काजळते. काच काजळली की बहुतेकजण रॉकेलला शिव्या घालतात. दोष बऱ्याचदा वातीचा असतो.

वात बर्नरच्या खाचेइतकीच रुंद घ्या. अरुंद वातीच्या कडेने ज्योत आत उतरू शकते, रुंद वात अडकून बसते. वरची कड सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उडवा, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात. नवी वात भिजायला पंधरा-वीस मिनिटं द्या. कोरडी पेटवली तर रॉकेलऐवजी सूतच जळतं. टाकी पाऊणच भरा. पेटवल्यावर वात आधी बारीक ठेवा, काच तापली की मग वाढवा. डिझेल घातलं तर काजळी धरते, आणि पेट्रोल चुकूनही नको.

काच हा या कंदिलाचा खरा जीव. भट्टीतून निघालेली काच सावकाश निववावी लागते, घाई केली तर तिच्यात ताण अडकून राहतो आणि पुढे निमित्त मिळताच ती तडकते. मूळ काच शाबूत मिळाली तर तिचे जास्त पैसे देणं रास्त आहे. बाजारातली दुसरी काच घालताना उंची आणि खालची बैठक दोन्ही मोजा. बैठकीत फट राहिली की वाऱ्यात ज्योत नाचते. तापलेल्या काचेवर पाण्याचे थेंब पडू देऊ नका. पुसायची असेल तर गार झाल्यावर, कोरड्या सुती फडक्याने.

हॉटेलं आणि फार्महाऊससाठी हल्ली टाकीच्या बुडाला भोक पाडून आत वायर ओढतात आणि बल्ब बसवतात. दिसायला झकास, पण तो परत रॉकेलवर चालणार नाही. बुडाला रबरी बूच किंवा वायरची खूण दिसली तर शोभेच्या वस्तूचाच भाव द्या.