कॉलेज फुटबॉल भरतीची सल्लासेवा : चित्रफीत उत्तम, सल्ला अपुरा

आमचा मुलगा कॅलिफोर्नियात बारावीत शिकतो आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर, म्हणजे चेंडू पायाने मारून गुण मिळवणारा खेळाडू आहे. गेल्या वर्षी, तो अकरावीत असताना, महाविद्यालयाच्या संघात त्याची निवड व्हावी म्हणून आम्ही एका खासगी सल्लासेवेचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले. खेळाची चित्रफीत तयार करणे, महाविद्यालयांची यादी काढून देणे आणि प्रशिक्षकांना पत्रे कशी लिहावीत हे शिकवणे, असा तो करार होता. अनुभव एका कंपनीचा असला तरी मुद्दा त्यापुरता नाही, म्हणून नाव देत नाही.

चित्रफितीचे काम त्यांनी मनापासून केले. सुरुवातीलाच सर्वांत लांबचे फील्ड गोल (चेंडू पायाने मारून गोलखांबांमधून पार करणे), प्रत्येक किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या किकच्या) वेळी चेंडू किती सेकंद हवेत राहिला याचा कोपऱ्यात आकडा आणि पार्श्वसंगीत अजिबात नाही. पत्रांचे मार्गदर्शनही ठीक होते.

यादीने मात्र निराशा केली. एक्सेलच्या तक्त्यात सर्वांत वर पिवळ्या रंगात स्टॅनफर्ड, त्याखाली ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट, मग येल आणि प्रिन्स्टन. आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकापुढे एकच शब्द, ‘प्रतिष्ठित’. ती प्रतिष्ठा भरतीवर नेमका काय परिणाम करते, हे सांगण्यासाठीच तर आम्ही पैसे मोजले होते.

स्टॅनफर्डचेच उदाहरण घ्या. तेथे प्रशिक्षकाला खेळाडू कितीही आवडला तरी प्रवेश कार्यालयाने त्याचा अर्ज मंजूर केल्याशिवाय पुढे काही होत नाही. त्यामुळे ज्याने शाळेत अवघड विषय घेतलेले नाहीत, तो मैदानावर कितीही चमकला तरी प्रशिक्षकाच्या हिशेबातून आधीच गळतो. पण ज्यांच्यापुढे हे दार उघडते, त्यांना हेच नाव जोराने ओढून घेते. पुढे नामवंत व्यावसायिक खेळाडू झालेला रिचर्ड शर्मन कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या सरकारी शाळेतून तेथे गेला आणि पदवी घेऊनच व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला. चार वर्षांचा नव्हे, पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करा, हे अशा विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचे पालकांपुढचे ठरलेले बोलणे. आणि त्याच बळावर उभ्या राहिलेल्या स्टॅनफर्डच्या संघाने 2013 आणि 2016 मध्ये रोझ बोल हा महाविद्यालयीन फुटबॉलचा मानाचा सामना जिंकला.

2021 पासून खेळाडूंना जाहिरातींसाठी स्वतःचे नाव वापरू देऊन पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. इतर संघ तयार खेळाडू आणून उणिवा भरून काढू लागले. स्टॅनफर्ड मात्र त्या काळात दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या फारच थोड्यांना प्रवेश देत होते. 2021 ते 2024 या चारही हंगामांत त्या संघाने प्रत्येकी तीन सामने जिंकले आणि नऊ गमावले. कारणे इतरही असतील, पण मला हे कारण मोठे वाटते.

येल आणि प्रिन्स्टनची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती ज्या गटात आहेत त्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. मदत मिळते ती कुटुंबाचे उत्पन्न पाहून. दोन पगारांच्या आमच्यासारख्या घराचे सगळे गणित या एका गोष्टीने बदलते. तरीही ते आम्हाला सल्लागाराकडून कळले नाही. एका रात्री जेवणाच्या टेबलावर विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर खर्चाचा अंदाज काढत बसलो, तेव्हा कळले. तोवर पुण्यातल्या आजोबांना आम्ही स्टॅनफर्डचे स्वप्न दाखवून बसलो होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

पालकांना माझे सांगणे असे की, चित्रफितीपुरती सेवा वेगळी मिळत असेल तर जरूर घ्यावी; यादीसाठी पैसे देऊ नयेत. पैसे भरण्यापूर्वी सल्लागाराला विचारावे, की या विद्यापीठात प्रशिक्षकाचा होकार आणि प्रवेश यांच्यामध्ये नेमके काय घडते. उत्तर देताना तो विद्यापीठाचा नावलौकिकच सांगत बसला, तर उठून यावे.

मुलाने पुढे स्वतःच नवी यादी केली. तीत ‘प्रतिष्ठित’ हा शेरा नाही. त्याजागी त्या संघाचा सध्याचा किकर कोणत्या वर्षात शिकतो आणि तो कधी बाहेर पडणार, हे लिहिले आहे.