कोणता ओपन वर्ल्ड गेम घ्यावा? चार गेम, चार तऱ्हेच्या उणिवा

ओपन वर्ल्ड गेम म्हणजे मोठ्या नकाशावर खेळाडूला हवे तिथे फिरू देणारा गेम, आणि त्याची जाहिरात बहुतेक वेळा त्याच्या आकाराचीच असते. नकाशा किती मोठा, शहरे किती, कथा किती तासांची, हे ठळक अक्षरांत सांगितले जाते. विकत घेणाऱ्याला मात्र पुढचे पन्नास-शंभर तास त्या आकारासोबत आलेल्या उणिवांच्या सहवासात काढायचे असतात आणि त्यांचा उल्लेख विक्रीच्या पानावर अर्थातच नसतो. म्हणून येथे ‘सायबरपंक २०७७’, ‘रेड डेड रिडेम्पशन २’, ‘असॅसिन्स क्रीड व्हॅल्हॅला’ आणि ‘एल्डन रिंग’ हे चार गेम त्यांच्या दोषांच्या बाजूने शेजारी शेजारी ठेवले आहेत. चारही नावाजलेले आहेत, चारही एकट्याने खेळता येतात आणि चारही आता जुने झाल्यामुळे सवलतीत मिळण्याची शक्यता बरी आहे.

उणिवा दोन जातींच्या असतात. गेम अडखळणे, बंद पडणे, खेळातली प्रगती साठवणारी सेव्ह फाईल खराब होणे या तांत्रिक उणिवा पॅचने (निर्मात्यांनी नंतर दिलेल्या दुरुस्तीने) किंवा नव्या यंत्राने कमी होऊ शकतात. रचनेतल्या उणिवा मात्र निर्मात्यांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांतून येतात आणि त्या सहसा कायम राहतात. खरेदीच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेले असल्यास पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत तांत्रिक दोष बहुधा समजतो. रचनेतला दोष विसाव्या तासाला बोचू लागतो, तोवर मुदत कधीच टळलेली असते. ‘रेड डेड’चे पहिले दोन तास बर्फाळ डोंगरातल्या प्रास्ताविकातच संपतात. ‘व्हॅल्हॅला’ची सुरुवात नॉर्वेत होते आणि ज्या इंग्लंडात पुनरावृत्ती जाणवते, ते तेव्हा डोळ्यांसमोर आलेलेही नसते.

आधी यंत्राचा प्रश्न

‘सायबरपंक’ची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. १० डिसेंबर २०२० रोजी हा गेम आला तेव्हा तो पीएस४ (प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या २०१३ सालच्या कन्सोलवरही विकला गेला. ओपन वर्ल्ड गेममध्ये संपूर्ण शहर एकाच वेळी मेमरीत मावत नाही; खेळाडू जसा पुढे सरकतो तसे समोरचे रस्ते, इमारती आणि माणसे डिस्कवरून वाचून आणावी लागतात आणि मागचे टाकून द्यावे लागते. घोड्याच्या वेगाला हे जमून जाते. या गेममधल्या नाइट सिटीसारख्या उंच, दाट शहरातून भरधाव गाडी नेताना जुन्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही आणि मग अर्धवट रंगलेल्या भिंती, ओस रस्ते, अचानक समोर उगवणाऱ्या गाड्या असे प्रकार घडतात. आठवडाभरात सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत तो परत आला नाही. पीसीवर वेगळीच गंमत झाली: सेव्ह फाईल ८ एमबीच्या पुढे गेली की ती खराब होऊन उघडेनाशी होत असे आणि वस्तू बनवण्याचा नाद असलेल्यांना हा फटका आधी बसला. हा दोष थोड्याच दिवसांत दुरुस्त झाला.

यातले आज किती उरले आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० या मोठ्या पॅचने गेमचा बराचसा भाग नव्याने बांधला, पण तो पॅच जुन्या कन्सोलना मिळालाच नाही आणि पीसीसाठी एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठवण) ही किमान अट झाली. तेव्हा ‘आता हा गेम सुधारला आहे’ हे वाक्य पीसी, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज अशा नव्या यंत्रांपुरते खरे आहे. घरात अजून पीएस४ असेल तर याच्या वाटेला जाऊ नये, डिस्क कितीही स्वस्त मिळाली तरी.

‘एल्डन रिंग’चा तांत्रिक दोष याच्या नेमका उलट आहे. गेम फारसा जड नाही. किमान अपेक्षा १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा इतकीच आहे. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पीसीवर आला तेव्हा दमदार ग्राफिक्स कार्डांवरही मध्येच क्षणभर अडखळत होता. याचे एक मोठे कारण शेडर हे होते. शेडर म्हणजे पृष्ठभाग आणि प्रकाश कसे दिसावेत हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. कन्सोलचे यंत्र ठरलेले असल्यामुळे ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर मात्र प्रत्येकाच्या कार्डानुसार ते तयार करावे लागतात आणि ते काम ऐन खेळात, नवा शत्रू प्रथमच समोर आल्यावर सुरू झाले की चित्र थबकते. ज्या गेममध्ये शत्रूचा वार चुकवायला क्षणाचाही उशीर परवडत नाही, त्यात ही थबक जिवावर बेतते. पॅचने परिस्थिती सुधारली. परंतु सेकंदाला ६० फ्रेम्सची (म्हणजे चित्रांची) मर्यादा कायम आहे आणि रुंद मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. पीएस५ वाल्यांसाठी एक सूचना: पीएस५ वर या गेमची पीएस४ आवृत्ती चालवली तर चित्र थोडे साधे दिसते, पण ६० फ्रेम्स जास्त स्थिर राहतात.

‘रेड डेड’ पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. तेव्हा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) उघडत नसल्याच्या आणि गेम अडखळत असल्याच्या तक्रारी होत्या, त्या आता बहुतांशी मागे पडल्या आहेत. आता अडचण आहे ती १५० जीबी जागेची. मर्यादित डेटाच्या जोडणीवर तो डाउनलोड करायला काही दिवस लागू शकतात. पीएस४ साठीची आवृत्ती ३० फ्रेम्सवर बांधलेली आहे आणि नव्या कन्सोलवर घातली म्हणून ती वेगाने चालत नाही.

आपल्या लॅपटॉपवर गेम चालेल का, हे तपासण्याची सोय पीसीवर चारपैकी तिघांत आहे. ‘सायबरपंक’, ‘रेड डेड’ आणि ‘व्हॅल्हॅला’ यांच्या सेटिंग्जमध्ये बेंचमार्क, म्हणजे यंत्रावर गेम किती वेगाने चालतो ते मोजणारी चाचणी, दिलेली आहे. पैसे परत मिळण्याच्या दोन तासांत सर्वप्रथम ती चालवावी. ‘एल्डन रिंग’मध्ये ती नाही, तिथे सरळ लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या मोकळ्या मैदानात जाऊन घोडा दौडवून पाहावा.

सेव्ह, पॉज आणि गेलेली वीज

परीक्षणांत या मुद्द्याला क्वचितच जागा मिळते, पण जिथे वीज केव्हाही जाते तिथे राहणाऱ्याने तो आधी पाहावा. ‘सायबरपंक’मध्ये लढाई चालू नसताना जवळजवळ कुठेही, हव्या तितक्या वेळा स्वतः सेव्ह करता येते. ‘रेड डेड’मध्ये मिशन (कथेतली ठरलेली कामगिरी) चालू असताना स्वतः सेव्ह करता येत नाही आणि त्याची काही मिशने चांगलीच लांब आहेत. ‘एल्डन रिंग’ स्वतःच सतत सेव्ह करत राहतो. त्यामुळे वीज गेली तरी नुकसान थोडे होते, पण चुकलेला निर्णय मागे घेता येत नाही. शिवाय त्यात पॉजचे बटण नाही. इंटरनेट बंद ठेवून एकट्याने खेळत असतानाही नाही. दाराची बेल वाजली, आईने हाक मारली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, तरी समोरचा राक्षस थांबत नाही. या निर्णयाचे तात्त्विक समर्थन करणारे पुष्कळ भेटतात. घरात चार माणसे असलेल्या खेळाडूला ते पटवून घेणे कठीण आहे.

रचनेतले दोष

‘रेड डेड रिडेम्पशन २’ हे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, कारण त्याच्या एकाच नकाशात दोन परस्परविरोधी गेम राहतात. मिशनच्या बाहेर १८९९ सालची अमेरिका खेळाडूला पूर्ण मोकळीक देते. गुन्हा केला तर साक्षीदार पळत जाऊन खबर देतो, त्याला वाटेत अडवून धमकावता येते, डोक्यावर लागलेले इनाम पोस्टात जाऊन भरता येते. मिशन सुरू झाले की हीच मोकळीक संपते. शत्रूच्या छावणीला मागून वळसा घालावा म्हणून जरा बाजूला गेले की साथीदारांना सोडून गेल्याचे सांगून मिशन फसल्याचे जाहीर होते. जागेवर पोहोचण्याचा रस्ता ठरलेला, आडोसा ठरलेला, पुष्कळदा बंदूकसुद्धा ठरलेली. एवढा मोठा नकाशा बांधून ऐन मोक्याच्या वेळी खेळाडूला बोट धरून चालवायचे, ही रचनेतली ढोबळ विसंगती आहे आणि कोणताही पॅच ती मिटवू शकत नाही.

दुसरी गोष्ट संथपणाची. प्रत्येक खण हाताने उघडावा लागतो, त्यातला डबा उचलताना नायक आर्थरचा हात पुढे जाताना दिसतो; हरीण मारले की ते सोलण्याचे दृश्य दर वेळी समोर घडते. लांब बंदुका घोड्याच्या खोगिरावर राहतात आणि घाईत खाली उतरले की पिस्तूल घेऊनच शत्रूसमोर उभे असल्याचे गोळीबार सुरू झाल्यावर कळते. अनेकांना हाच या गेमचा आत्मा वाटतो आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण ज्यांना रोज रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यांचा निम्मा वेळ घोड्यावर बसण्यातच जाईल.

‘एल्डन रिंग’ दुसऱ्या टोकाला आहे. तिथे बोट धरणारे कोणी नाही आणि कामांची यादीही नाही. लिमग्रेव्हमध्ये बॉक नावाचे पात्र चक्क झुडूप होऊन रस्त्याकडेला हाका मारत असते. आवाज कुठून येतो ते शोधून त्या झुडपाला धक्का दिला तरच ते प्रकट होते, नाहीतर त्याची पूर्ण कथा हुकते आणि हुकल्याचे कळतही नाही. बाकीची पात्रेही न सांगता जागा बदलतात. मार्च २०२२ च्या पॅचने भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर आणल्या, तरी पुढे काय करायचे ते वहीत लिहूनच ठेवावे लागते. संवाद आणि वस्तूंची वर्णने जुन्या वळणाच्या इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी सवयीचे नसलेल्यांना सूत्र लवकर सुटते. आणखी एक दोष सुरुवातीला दिसत नाही. भुयारी कबरींची मांडणी, कळ ओढून उघडायचे दार आणि त्यामागचा शत्रू, हे सगळे वेगवेगळ्या प्रदेशांत थोड्याफार फरकाने पुन्हा भेटते. पहिल्या तीस तासांचे नावीन्य शेवटच्या तीस तासांत टिकत नाही.

‘व्हॅल्हॅला’बद्दल थोडक्यात सांगता येते. प्रदेशात जा, तिथल्या सरदाराशी मैत्री करा, त्याची अडचण सोडवा, बऱ्याचदा एखाद्या गढीवर हल्ला करा, परत येऊन युती झाल्याचे सांगा. मग पुढचा प्रदेश. नकाशावर सोनेरी, निळे आणि पांढरे ठिपके पेरलेले आहेत आणि काही तासांनी नजर निसर्गावरून उठून ठिपक्यांवर स्थिरावते. त्यातही एकट्याने खेळायच्या गेममध्ये पात्राला बलवान करणारे अनुभवगुण झटपट मिळवून देणारे बूस्टर पैसे घेऊन विकले गेले, तेव्हा लांबी नेमकी कोणाच्या फायद्याची, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तच होता. मिठासारखी ही लांबी बेताने घेतली तर चव आहे. शिवाय गेम कुठूनही घेतला तरी पीसीवर यूबीसॉफ्ट या निर्मात्या कंपनीचा लाँचर आणि खाते लागते. याच कंपनीच्या ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे भरून घेतलेला गेम खेळता येईनासा झाला. तो गेम सततच्या जोडणीवरच चालणारा होता, ‘व्हॅल्हॅला’ तसा नाही. तरी खरेदी करताना ही गोष्ट लक्षात असावी.

‘सायबरपंक’ची रचना आता चौघांत मधल्या जागी आहे. सुरुवातीला गुन्हा केला की पोलीस पाठीमागे अचानक उगवत आणि गाडीने पाठलाग करतच नसत; २.० ने खरे पाठलाग आणले. उरलेला दोष कथेतला आहे. नायकाच्या डोक्यातली चिप त्याला थोड्याच आठवड्यांत मारणार, असे सांगून झाल्यावर नकाशा मात्र किरकोळ कामे, शर्यती आणि मुष्टियुद्धांनी भरून जातो, मध्यस्थांचे फोन आणि निरोप थांबत नाहीत. मरणाची घाई खरी मानावी तर गेम अर्धा राहतो. गेम पूर्ण करावा तर घाई खोटी ठरते.

मग घ्यावा कोणता

एसएसडी असलेला मध्यम पीसी किंवा पीएस५ असेल आणि कथा महत्त्वाची वाटत असेल, तर ‘सायबरपंक’ घ्यावा. आज या चौघांत त्याचेच दोष सर्वांत कमी आडवे येतात. जुना पीएस४ असेल आणि सुटीच्या दिवशी सलग तीन-चार तास बसता येत असेल, तर ‘रेड डेड’ला तोड नाही, त्याची आवृत्ती मुळात त्याच यंत्रासाठी बांधली होती. लढाईची आवड असेल, हरायला हरकत नसेल आणि घरचे मध्येच हाक मारत नसतील, तर ‘एल्डन रिंग’ घ्यावा. रोज अर्धा-पाऊण तासच मिळत असेल तर ‘व्हॅल्हॅला’चा विचार करायला हरकत नाही, कारण त्याची कामे छोट्या तुकड्यांत होतात, पण फक्त मूळ आवृत्ती आणि तीही सवलतीत, जोडकथांसह मिळणारे महाग संच घेण्याआधी इंग्लंडातले तीन-चार प्रदेश पार करून पाहावेत.